दांडा आणि पुस्तिका

नागपूर, ९ नोव्हेंबर १९७८

पूर्वी मी लिहिलेली मशीनची माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायची, कारखान्यातल्या कामगार गंगाबाई त्याप्रमाणे मशीन चालवायच्या, मशीनचे आरेखक मेश्राम शेजारी उभे. "बाई, पुस्तक एक सांगते अन् दांडा दुसरंच करून राहिला!" गंगाबाई हसायच्या. मग मी वाक्य बदलायची, नाहीतर मेश्राम दांडा.

यंदा घाईत वाचन राहिलं. मेश्रामांनी दांड्याची दिशा बदलली. त्यांनी सांगितलं नाही. मी तरी का विचारलं नाही? आज माल अडकून मशीन थांबली; ती पूर्ण बंद करायला गंगाबाईंनी पुस्तिकेप्रमाणे दांडा खाली ओढून हात आत घातला, आणि मशीन सुरू झाली. तीन बोटं गेली. उजव्या हाताची. कारखान्याचे साहेब म्हणतात, चूक तिचीच. तीन बोटं!

उद्या पुस्तिकेची जुनी दिशा सांगणारी माझी कच्ची प्रत आणि मेश्रामांचं नवं आरेखन चौकशी अधिकाऱ्यांना देणार. माझा राजीनामा साहेबांना. दवाखान्यात गंगाबाईंना मात्र मीच सांगायचं, चूक आमची होती.