कानकूनला ट्रक कुठे थांबतात

५ जानेवारी
दीक्षाला आठवा महिना लागला. जयाने सांगितलं, तिला खुद्द दीक्षाने, म्हणजे बातमी पक्की. बाळंतपण तिकडेच, मेक्सिकोत, कानकूनला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. लेकीला येता येत नसेल तर माहेराने तिकडे जावं. माहेर म्हणजे जया आणि मी. तेव्हा जाणं ठरलंच.

६ जानेवारी
कानकूनचा अभ्यास सुरू. समुद्र आणि हॉटेलंच हॉटेलं. जाऊन आलेले लोक नेटवर रडतात की तिथे खरं मेक्सिकन जेवण सापडत नाही, टुरिस्टांसाठी केलेलं काहीतरी मिळतं. ठराव : खरी जागा इथूनच शोधून ठेवायची. पोचल्यावर जावयाला मी घेऊन जायचं, त्याने मला नाही. रिटायर होईपर्यंत शहराबाहेर वाडीला, ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग मॅनेजर होतो. आमचा नियम साधा : ट्रक थांबतात तिथे जेवण चांगलं.
जया म्हणाली, जावई तिथलाच हाय, त्यात आचारी. त्यालेच इचारा ना. मी म्हटलं, आचारी स्वतःच्याच हॉटेलचं नाव सांगणार. शिवाय माझं आणि माटेओचं अजून बोलणं झालेलं नाही. लग्न तिकडे झालं, आम्ही मोबाईलवर पाहायचं होतं. नेमकं त्या दिवशी मला गोडाऊनवर काम निघालं. रविवार होता, पण निघालं.

११ जानेवारी
सराव म्हणून एका कॅफेत टॅको खाल्ला. पापडासारख्या कडक पुडीत कोबी आणि शेव. वेटरला सांगितलं, हे ऑथेंटिक नाही. तो म्हणाला, काका, शेव आपल्या लोकायले लागतेच. सगळा खाल्ला. अभ्यास.

१९ जानेवारी
सापडलं! सॅटेलाइट नकाशावर, समुद्रापासून बरंच आत, एका पत्र्याच्या शेडपुढे ओळीने ट्रक. भिंगातून पाहिलं तर ड्रायव्हर खाली उतरल्यासारखे वाटतात. वाडीत जाऊन नागसेनला दाखवलं. माझ्यानंतर बुकिंग तोच पाहतो. तो म्हणाला, साहेब, लोकं तिकडं समुद्र पायले जाते, तुमी ट्रक पायले जाऊन राहिले का? मग विचारलं, जावयाशी बोलले का? मी म्हटलं, प्रवासाच्या तयारीत आहे.

२० जानेवारी
जयाने ती जागा दीक्षाला पाठवली. उत्तर आलं : तिथे बर्फाचा कारखाना आहे. असू दे. कारखान्याला कॅन्टीन असतंच.
माटेओ खूप हसला म्हणे. मग त्याने विचारलं, बाबांना काय आवडतं? ते मी करीन. जयाने मोबाईल माझ्यापुढे धरला, बोला ना, म्हणाली. मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला गेलो. झाडं सुकली होती. जयाने सकाळीच पाणी घातलं होतं असं नंतर कळलं. एका कुंडीतून माती वाहून गेली.

२८ जानेवारी
जया दिल्लीला, बहीण मायाकडे. पासपोर्टही नेला. हल्ली ओळखपत्राशिवाय कुठे काही होत नाही. ती आली की दोघांच्या व्हिसाचं बघू. माझा पासपोर्ट संपलाय, त्याचंही बघू. घाई नाही.

४ फेब्रुवारी
जया परतली. डिंक, मेथी, खारीक आणून लाडू सुरू. एकच मोठी बॅग घेतली. शहाणी. म्हातारपणी दोन बॅगा ओढत कोण फिरेल?
'जेवण छान झालंय' हे स्पॅनिशमध्ये पाठ केलं. बाथरूममध्ये म्हणतो, तिथे आवाज चांगला लागतो. जया बाहेरून म्हणाली, दीक्षानं त्याले मराठी शिकवली, थोडी थोडी समजते. फोनवर म्हणा ना हेच. मी म्हटलं, अशा गोष्टी समोरासमोर. आणि जेवल्याशिवाय जेवण छान कसं म्हणू?

१२ फेब्रुवारी
आणखी एक शेड सापडली. तिथेही ट्रक. ही जागा कोणाला सांगणार नाही, थेट घेऊन जाणार. टेबलाशी कोण कुठे बसेल तेही ठरवलं. माटेओ माझ्या शेजारी. त्याला ताट मी वाढीन.

२१ फेब्रुवारी
जयाचं तिकीट रविवारचं आहे. तिनेच दाखवलं, दिल्लीला जाऊन काढलेला व्हिसाही. नाव एक.
माझं, असं विचारलं. ती लाडू डब्यात भरत राहिली. डबा भरल्यावर म्हणाली, पोरगी म्हणते, बाबा आले तर मले धास्ती राहीन, या दिवसांत नको. तो तिले घडीघडी इचारते, तुह्ये बाबा माह्याशी काहून बोलत नाही. तिनं काय सांगाव त्याले?
मी म्हटलं, बाळंतपणाला बायामाणसांनीच जावं, रीत आहे. माझा पासपोर्टही संपलाय.
ती म्हणाली, आता लावून देऊ का फोन? मी म्हटलं, तिकडे रात्र असेल, झोपमोड नको. तिकडे सकाळ होती. हे मला माहीत आहे, दीड महिन्यापासून मोबाईलवर तिथलं घड्याळ लावलेलं आहे.
रविवारी पहाटे तिला एअरपोर्टवर सोडायचं. बाळ मार्चच्या मध्यावर अपेक्षित. बातमी माटेओ कळवणार, जया तेव्हा दीक्षाजवळ असेल. माझा नंबर तिने त्याला दिला. तो मराठीत सांगणार आहे म्हणे, वाक्य पाठ करून राहिला.
मी जयाला म्हटलं, एवढा त्रास कशाला. मिस्ड कॉल दे म्हणावं. मी समजेन.