आट्यांचं टोपण

११ फेब्रुवारी

फाटलं. पितळी नळी लाकडात चिकटवताना किंचित तिरकी बसली असणार. मशीनवर चढवलं, पटाशी टेकवली, एका अंगाने लाकूड पातळ होत गेलं आणि टर्रकन गेलं. चांगला अक्रोडाचा तुकडा होता.

किटमध्ये बाकी सगळं तयार येतं. निब, शाई ओढून घ्यायचा पंप, कड्या, क्लिप. अंग तेवढं आपण घडवायचं. आजवर हौस म्हणून पुष्कळ पेनं केली, कुणाकुणाला दिली, एकही असं फाटलं नाही.

तो परवा हॉस्पिटलमधून घरी येतोय. स्वरयंत्र काढलं. डॉक्टर म्हणाले, आता जे काय सांगायचं ते लिहून. लेक फोनवर म्हणाली, ‘आई, मोबाइलवर टाइप करतील की बाबा.’ अगं, मोबाइलवरची अक्षरं त्याला मुंग्यांसारखी दिसतात. आणि सुया टोचून टोचून हात सुजलाय, बॉलपेन दाबवत नाही. शाईचं पेन नुसतं टेकवलं की लिहितं. म्हणून.

१३ फेब्रुवारी

जमलं! जाड ठेवलंय, सुजलेल्या बोटांत बसेल असं. टोपण आट्यांचं, फिरवून उघडायचं. घट्ट बसतं, शाई वाळत नाही, खिशात गळत नाही.

संध्याकाळी आला. गळ्याला पट्टी. पलंगावर टेकला, पेन हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि पहिलं वाक्य लिहिलं — ‘पेन आहे की खुंटा?’

हसलो दोघं. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता.

१७ फेब्रुवारी

घर शांत आहे. मला बरं वाटतंय.

लिहून टाकलं एकदाचं.

२४ फेब्रुवारी

सलूनमध्ये त्याच्या कात्रीआधी त्याचं तोंड सुरू व्हायचं. गिऱ्हाईकं त्याला ‘रेडिओ’ म्हणायची. केस वाढले नसले तरी येऊन बसायची. मी तिकडे लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून गुळगुळीत करायची, कानात ते गुरगुरणं घेऊन घरी यायची, आणि हा दारातूनच चालू — आज कोण आला, कुणाच्या पोरीचं जमलं, कोण कुणावर रुसलं. मी ‘हं’ म्हणत मागच्या खोलीत जायची आणि पेनाचं मशीन लावायची.

आज शेजारचं जोडपं बघायला आलं. गप्पा निघाल्या. याला काहीतरी सांगायचं होतं, डोळे लकाकले. पेन काढलं, टोपण फिरवायला लागला. आटे सुटेपर्यंत विषय पुढे गेलेला. त्याने लिहिलं ते मागच्या विषयाचं. शेजारणीने वाचलं आणि हसली. काहीएक न कळता हसली. त्याला ते कळलं.

२ मार्च

भाऊजी आले होते. माझा धाकटा दीर. दुकानाची जागा दोघा भावांच्या नावावर आहे.

भाऊजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, ‘दादा, मोबाइल दुरुस्तीवाला एक जण मागे लागलाय. जागा भाड्याने मागतोय. त्याला आजच सांगायचंय. तू आता खुर्चीमागे उभा राहून काय करणार? हातात कात्री घेशील की पेन?’

वाईट हेतूने नाही म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी हाच माणूस पायऱ्यांवर बसून रडत होता.

हा सरळ होऊन बसला. पेन काढलं. टोपण फिरवायला लागला. भाऊजी घड्याळाकडे बघत होते. खाली रिक्षा उभी होती, तिचा हॉर्न वाजला.

मी म्हटलं, ‘देऊन टाका भाऊजी. तोही हेच म्हणतोय.’

तो असं काही म्हणाला नव्हता. आमच्यात तो विषयच झाला नव्हता.

‘मग ठरलं,’ म्हणून भाऊजी उठले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला, गेले. तोवर त्याचं टोपण निघालं होतं. एका हातात पेन, एका हातात टोपण. तसाच बसून राहिला. मग हळूच टोपण लावलं, एकेक आटा फिरवत.

५ मार्च

माझ्याशी लिहीत नाही. दूधवाल्याशी लिहितो, शेजारच्यांशी लिहितो, लेकीला कागदाचा फोटो पाठवतो. मी विचारलं, चहा? मान हलवली. भाजी कुठली आणू? खांदे उडवले.

घरात आता खरी शांतता आहे. हवी होती ना मला.

९ मार्च

का बोलले मी?

भाऊजींची रिक्षा खोळंबली होती, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण कारण ते नाही. मला ते दुकान नको झालं होतं. हा मुका उभा राहील, गिऱ्हाईकं आरशातून त्याच्याकडे कीव करत बघतील, मला ते बघवलं नसतं. मला. त्याला काय वाटलं असतं हे विचारायला किती वेळ लागला असता? टोपण उघडायला लागतो तेवढाच.

१४ मार्च

भाऊजींकडे गेले. म्हटलं, माझी चूक झाली, त्याने होकार दिलाच नव्हता, ते रद्द करा.

‘वहिनी, सह्या झाल्या. दुरुस्तीवाल्याने सामानसुद्धा मागवलं. आणि तुम्हीच तर सांगितलंत.’

‘हो. मीच.’

‘मग दादा तेव्हाच का नाही म्हणाला काही?’

जाऊबाईंनी चहा पुढे केला. तो तसाच ठेवून मी उठले.

१८ मार्च

लॅबमधून येताना मुद्दाम दुकानावरून आले. खुर्च्या टेम्पोत चढवत होते. आरसा काढलेला. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन राहिलाय.

समोरच्या फुटपाथवर तो उभा. घरी मला हाताने खूण केली होती, फिरून येतो म्हणून.

एक जुनं गिऱ्हाईक भेटलं त्याला, टक्कल पडूनही दर महिन्याला येणारे ते काका. ते बराच वेळ काहीबाही बोलले. याने खिशातून पेन काढलं. फिरवायला लागला. काकांनी वाट पाहिली, पाहिली नाही असं नाही, पण मग अवघडले, त्याच्या दंडावर थोपटलं आणि निघाले. त्यांची पाठ वळली आणि याचं टोपण निघालं.

मी हाक मारली नाही. कोपऱ्यावरून मागे फिरले, लांबच्या रस्त्याने घरी आले.

हे टोपण मी केलंय.

२९ मार्च

नवं किट मागवलंय, ओढून निघणाऱ्या टोपणाचं. आटे नाहीत. अंगठ्याने रेटलं की सुटतं.

६ एप्रिल

सुटतं, पण निब वाळते. टोपणात हवा शिरते. सकाळी भरून ठेवलं, दुपारी कागदावर नुसता कोरडा ओरखडा. बोलायला तोंड उघडावं आणि — नको. यापुढचं लिहीत नाही.

१० एप्रिल

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत कवळीचं थोडं सामान घेतलं आणि टोपणाच्या आत बसेल अशी इवलीशी वाटी ओतली. मालकीणबाईंना सांगून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘पेनाला दात बसवताय का?’ रंग अर्थात हिरडीचा, गुलाबी. घरी आणून घासली, बसवली. निब आत गेली की टक् करून बंद, हवा नाही.

निबेची फटही जरा मोकळी केली, पातळ पत्रा फिरवून. तो भराभर लिहितो, शाई मागे पडायची. आता पडणार नाही.

लाकूड अक्रोडच. अंग पहिल्यापेक्षा बारीक. हाताची सूज उतरलीये आता.

११ एप्रिल

त्याच्या उशाशी ठेवलं. दिवसभर तिथेच होतं.

२३ एप्रिल

आवाज शिकवणाऱ्या बाईंचा फोन. गळ्याने नाही तरी अन्ननलिकेतून बोलता येतं म्हणे. हवा गिळायची आणि ढेकरेसारखी सोडताना शब्द करायचा. सगळ्यांना जमतंच असं नाही. हा तीन-चार वेळा गेला होता. त्या म्हणाल्या, ‘ते यायचे बंद झालेत. बाकीच्यांसमोर लाजतात बहुतेक. तुम्ही सांगता का, पाठवता?’

‘पाठवते’ अगदी ओठावर आलं होतं.

म्हटलं, ‘थांबा, त्यालाच विचारा.’ फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि त्याच्यासमोर धरला. बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग जुनं पेन काढून आटे फिरवले. बाई थांबल्या. मी थांबले. त्याने लिहिलं ते मी जसंच्या तसं वाचून दाखवलं — ‘नको. तिथे ढेकरा देणारी माणसं बघून मला हसू येतं आणि हसताना खोकला येतो.’

बाई हसल्या. मला नाही आलं हसू.

४ मे

लिहिलं! माझ्याशी!

दुपारी मी धुतलेले कपडे घडी करत होते. टक् असा आवाज झाला. नवं पेन. टोपण उलटं करून आत बघत होता. मग लिहिलं — ‘हे गुलाबी काय? कवळी?’

म्हटलं, हो.

बराच वेळ खाली मान घालून लिहीत होता. पेन कुठेही अडलं नाही. मी उभीच होते, हातात त्याचाच शर्ट. पान माझ्याकडे सरकवलं.

दुकान मी देणारच होतो, असं लिहिलं होतं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या ठरवलं होतं. हात कात्रीत आणि तोंड बंद, असं मला जमलं नसतं. भाऊ आला तेव्हा मी हेच लिहिणार होतो. आणि भावाला म्हणणार होतो की एक खुर्ची घरी ठेवू. पण तू बोललीस. माझं एवढं शेवटचं होतं, ते मी सांगायचं होतं.

मी म्हटलं, ‘चुकलं माझं.’

खाली लिहिलं — ‘हो.’

पुढे काही नाही. पान फाडून खिशात घातलं.

५ मे

सकाळी टेम्पोवाल्याला फोन केला. खुर्च्या भंगारात गेल्या.

२० मे

रोज लिहितो आता. चिडून लिहितो, वाण्याबद्दल लिहितो, मीठ कमी पडलं ते लिहितो. मी काम सोडून समोर बसते. अर्धं वाक्य वाचून ‘कळलं’ म्हणायची सवय जाता जात नाही. काल म्हटलं तर टेबलावर थाप मारली आणि उरलेलं अर्धं मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं. वाक्य मी समजले होते तसं नव्हतंच.

७ जून

त्याचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवतात. आवाज येत नाही. इतकी वर्षं कानावर पडत होता!

लेकीला विचारलं, तुझ्याकडे काही आहे का साठवलेलं? एक व्हिडिओ पाठवला. त्यात आम्ही दोघी बाकावर, आणि तो मोबाइलच्या मागे. ‘सरका जरा, डोकं कापलं जातंय.’ एवढंच. पुढे वाराच वारा.

त्याला दाखवला नाही.

१९ जून

हल्ली रोज अंघोळीला फार वेळ लावतो. नळ धो धो सोडून ठेवतो. पाण्यावरून मी दोनदा ओरडले. त्याने लिहिलं, ‘पुरुषालाही जरा एकांत लागतो.’

३ जुलै

मागच्या खोलीत नव्या पेनाला पॉलिश करत होते. बाहेर कोणी परका माणूस बोलत होता. जाडाभरडा, तुटक आवाज. दार तर लावलेलं. घाबरून तशीच पटाशी घेऊन बाहेर आले.

तोच होता. खिडकीपाशी उभा, मोबाइल कानाला, पाठ माझ्याकडे.

‘नाही... राँग नंबर,’ म्हणाला. हवा गिळली. ‘असू दे... असू दे. तुम्ही... कुठले?’