नंदकुमार सरांनी शिफारस केलेले सर्व्हे

३ फेब्रुवारी, सोमवार
निवृत्त होऊन वर्ष झालं. ऑफिसात खुर्चीपासून पेनापर्यंत काय घ्यायचं ते मला विचारून ठरायचं — परचेस मॅनेजर होतो! आता भाजी कोणती हेसुद्धा ताटात आल्यावर कळतं. आज फोनवर जाहिरात आली. घरबसल्या सर्व्हे भरा, मत द्या, पैसे मिळवा. पैशांचं सोडा. कुणाला तरी माझं मत हवंय! लगेच नाव नोंदवलं.

४ फेब्रुवारी
बिस्किटांचा सर्व्हे. कुरकुरीतपणावर तर परिच्छेदच लिहिला. शेवटी उत्तर आलं — आपण या सर्व्हेसाठी पात्र नाही. बिस्किटांसाठी पात्र नाही! जन्मभर काय खाल्लं मग मी?

७ फेब्रुवारी
दुसऱ्या एका साइटवरून गंधाली मॅडमचा फोन. फारच गोड बोलल्या. तुमच्यासारख्या अनुभवी माणसांची मतं कंपन्या शोधत असतात म्हणे. गोल्ड मेंबर व्हायचं, थोडी फी भरायची, की रोज सर्व्हे. कार्ड काढायला उठलोसुद्धा. मग जुनी सवय जागी झाली. जो सप्लायर माल दाखवण्याआधी अ‍ॅडव्हान्स मागायचा, त्याला मी चहाही विचारत नसे. म्हटलं, मत माझं, वेळ माझा, मग फी मी का भरू? तुमचं ऑफिस कुठे? अंधेरी ईस्ट, म्हणाल्या. अंधेरीत कुठे? — फोन कट.

सगळी नोकरी अंधेरीत केलीय मी. बाई चुकीच्या माणसाला भेटली.

बायकोला, मीराला, हे सगळं रंगवून सांगत होतो. ती म्हणाली, आधी दूध बघा, उतू जातंय.

१० फेब्रुवारी
विषयाचा पूर्ण अभ्यास केला. खरा सर्व्हेवाला फी मागत नाही, ओटीपी मागत नाही, आणि श्रीमंत करतो असंही म्हणत नाही. खरे सर्व्हे कंटाळवाणे असतात आणि महिन्याअखेर त्यातून जेमतेम चहा सुटतो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी यज्ञेश लिफ्टमध्ये भेटला, त्याला तळमजल्यापर्यंत हे समजावलं. म्हणाला, काका, रविवारी हॉलमध्ये यावर बोला ना. मी आढेवेढे घेतले. फार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
झकास झालं! माईक होता. लोक शेवटपर्यंत बसले (वडे शेवटी होते, पण तरी). यज्ञेशने माझा माईकसकटचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. मुलुंडभर फिरतोय म्हणे. घरी आल्यावर मीराला एकेक मुद्दा पुन्हा समजावला. ती मध्येच काहीतरी म्हणत होती, पण माझा ओटीपीचा मुद्दा राहिला होता.

२१ फेब्रुवारी
वाट लागली.

कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढलाय. वर तोच माईकवाला फोटो, खाली 'नंदकुमार सरांनी शिफारस केलेले शंभर टक्के खरे सर्व्हे', आणि लिंक. यज्ञेशने कार्डाचा नंबर दिला, वर ओटीपी दिला. खात्यातून पैसे गेले. मी म्हटलं, अरे, रविवारी मी काय सांगत होतो?

"काका, तुमचा फोटो होता म्हणून तर दिला."

बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार नोंदवली, मग पोलीस स्टेशन. हवालदाराने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. हे तुम्हीच ना, म्हणाला. फोटो माझा पण ग्रुप माझा नाही, हे समजावण्यात दुपार गेली.

२२ फेब्रुवारी
दारोदार जाऊन सांगितलं — माझ्या नावाने काही आलं तर विश्वास ठेवू नका. हे मात्र सगळ्यांना पहिल्या फटक्यात पटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
चहाच्या वेळी मीराने तिचा फोन पुढे केला. तीही त्या ग्रुपवर! कार्ड दिलंस? ओटीपी? नाही म्हणाली. नुसतं पहिलं पान भरलं होतं, 'तुमच्याविषयी थोडंसं'.

मी ते पान वाचलं. थोडंसं नव्हतं. दिवस कसा जातो? — संध्याकाळ फार लांबते. कुठे राहायला आवडेल? — दहिसरला, बहिणीजवळ. मुलुंड मला कधीच आवडलं नाही. घरात तुमचं मत विचारलं जातं का? इथे तिने खूप वेळ घेतला असावा. लिहिलं होतं — अजून नाही.

मुलुंडचं घर मी पसंत केलं होतं. तिला दाखवलं ते बयाणा दिल्यावर.

२४ फेब्रुवारी
शेवटी विचारलंच. एवढं खरंखरं कुणा अनोळखी माणसाला कशाला लिहिलंस?

"वर तुमचा फोटो होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच विचारताय."