पाठमोरी

सोमवार, ता. ६ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार झाला, आता ऐक. पोर माझी शनिवारी दुपारी एकटी बॅग ओढत दारात येऊन उभी राहिली आणि तू अजून ती गेली कुठे म्हणून साधी चौकशी केलेली नाहीस. मांजर हरवलं तरी माणूस गल्लीत दोन हाका मारतं. दीड वर्ष ती तुझ्या घरी राहून तुझ्याच हाताखाली बर्फावरचं स्केटिंग शिकली, तुझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे, आणि तुझ्या लेखी भिंगरी रिंकवर आली काय नि गेली काय, सारखंच.

फोन करणार होते. पण तुझा तो थंड आवाज कानात शिरला की माझी बोबडी वळते, म्हणून लिहितेय. कागद डोळे वटारत नाही. लाँड्रीत मी मुकादमाला उभा-आडवा घेते. हॉटेलच्या चादरी डागाच्या म्हणून परत आल्या तर त्यांच्याच मॅनेजरला तो जुना डाग दाखवून गप्प बसवते. आणि तुझ्यापुढे मात्र मुकी. भिंगरीला सोडायला आले तेव्हा रिंकच्या दारात काय झालं आठवतं? तू आत आलीस, बाकांवरचे सगळे आईबाप उठून उभे राहिले, त्यांच्याबरोबर मीही राहिले, आणि तोंडातून गेलं, मॅडम. सख्ख्या बहिणीला मॅडम! तू मान हलवलीस आणि पुढे गेलीस. घरी येऊन यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

माझी ही गत, मग चौदा वर्षांच्या पोरीचं काय होत असेल? तुझ्या पॅसेजमधलं ते काचेचं कपाट, तू शिकवलेल्या मुलींनी देशोदेशीहून आणलेली पदकं, त्या भिंतीवरचे फोटो. रात्री पाणी प्यायला उठली तरी त्या कपाटासमोरून चवड्यांवर जायची म्हणते. जेवताना चमचा ताटाला लागून आवाज होऊ नये म्हणून अर्धपोटी उठायची. तू कधी रागावली नाहीस, हेही तीच सांगते. रागावली असतीस तर बरं झालं असतं, असंही सांगते.

खरं कारण दोन दिवस खोदलं तेव्हा निघालं. बाकीच्या मुली उडी घेतात तेव्हा तू कठड्याला रेलून पापणी न हलवता बघतेस. भिंगरीची उडी आली की भिंतीकडे तोंड फिरवतेस. एकदा नाही, दर वेळी. पातं बर्फावर टेकल्याचा आवाज झाला की मग वळतेस आणि सांगतेस की डावा खांदा पडला. न बघता खांदा कसा दिसतो तुला? पोरीच्या मनाने घेतलंय की तिची उडी तुला बघवत नाही. एवढ्या मोठ्या बाईला बघवत नाही म्हणजे आपल्यात काहीच नाही, असं स्वतःशी ठरवून ती उठून आली.

आणि रविवारचं काय? दर रविवारी पिशवीत नवी रिबीन घालून निघतेस ती दिवेलागणीला येतेस. कुणीतरी दुसरी आहे, हिच्यापेक्षा सरस, तिला तू घरी जाऊन शिकवतेस, हे भिंगरीने केव्हाच ओळखलंय. असू दे लाडकी. माझी हरकत नाही. पण मग माझी पोर कशाला ठेवून घेतलीस?

उत्तर मोठ्या अक्षरात लिही. तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर मला लागत नाही. लोभ आहे का तेच विचारायचंय, तो वाढवायचं नंतर बघू.

तुझी,
फटाकडी

शुक्रवार, ता. १० नोव्हेंबर

चि. सौ. फटाकडीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पोचलं. भिंगरी सुखरूप पोचल्याचं मला शनिवारीच कळलं होतं. ती गाडीत बसेपर्यंत मी स्टेशनच्या घड्याळाखाली उभी होते, आणि संध्याकाळी तुमच्या शेजारच्या शिंपीणबाईंना फोन केला होता. स्टेशनवर तिला हाक मारली नाही. मारली असती तर ती थांबली असती.

तू म्हणतेस ते खरं आहे. तिच्या उडीच्या वेळी मी पाठ फिरवते. त्यात तिचा दोष नाही असं तिला सांग. तिची उडी चांगली आहे. तरी तिला आता घरीच ठेव आणि शाळा पुरी करू दे.

रविवारी मला काम असतं. त्याबद्दल विचारू नकोस.

तिचे स्केट्स इथे राहिले होते. पात्यांना धार लावून खोक्यातून पाठवले आहेत. थंडी सुरू झाली आहे, लाँड्रीतल्या वाफेतून एकदम बाहेर जाऊ नकोस, छाती जप. ड्रायव्हरसाहेबांना आशीर्वाद. त्यांनाही बस चालवताना मफलर बांधायला सांग.

तुझी,
ताई

मंगळवार, ता. १४ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,

नमस्कार. मी चार पानं लिहिली आणि तू अर्धं! त्यातही मफलर.

तिची उडी चांगली आहे. हे चार शब्द दीड वर्षात पोरीच्या पदरात टाकले असतेस तर तुझं काय गेलं असतं? आता मी सांगितलं तर म्हणते, मावशीने तुझी समजूत काढायला लिहिलं असेल. एवढंच बोलली. हल्ली ती एवढंच बोलते.

खोकं आलं. घरी ठेव म्हणतेस आणि पात्यांना धार लावतेस, ही कुठली तऱ्हा? तिने स्केट्स बाहेर काढले, पात्यावर नखाची कड ओढून बघितली, फडक्यात गुंडाळले आणि कपाटाच्या वर टाकले. शाळा सुटली की लाँड्रीत येते आणि माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालते. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे, ओढायचं, झटकायचं, जवळ यायचं. आमची फरशी पाण्याने आणि साबणाने गुळगुळीत झालेली. चादर ओढताना तिचा एक पाय आपोआप मागे सरकतो, लांब, हात पसरतात, मान ताठ होते. मग तिच्या लक्षात येतं आणि ती पाय मुकाट्याने जागेवर आणून ठेवते. मलाही ते बघवत नाही, ताई. तरी मी भिंतीकडे तोंड करत नाही.

लहानपणी माझी वेणी तू घालायचीस. डोळे ताणले जाईपर्यंत घट्ट. मी मान वळवली की हनुवटी धरून समोर करायचीस. तेव्हा तुला माझं तोंड बघायचा कंटाळा नव्हता. आता कुणाच्या वेणीला रिबिनी नेतेस? विचारू नकोस म्हणालीस, पण विचारलं.

एका पोरीची आई,
फटाकडी

शनिवार, ता. १८ नोव्हेंबर

चि. सौ. फटाकडीस,

अनेक आशीर्वाद. तू पिच्छा सोडणार नाहीस, तेव्हा लिहिते.

भिंगरीच्या आधी माझ्याकडे एक मुलगी होती. तिच्याच वयाची. आईवडील बेकरी चालवतात. उडी साधी होती, रोजची, झोपेतसुद्धा जमावी अशी. मी कठड्याशी उभी राहून बघत होते. ती पडली आणि उठली नाही. मानेखाली कण्याला मार बसला. बर्फात खोट नव्हती, पात्यात नव्हती, तिच्या उडीतही नव्हती. कुणाची चूक नाही असं सगळ्यांनी सांगितलं, तिच्या आईनेसुद्धा. चूक सापडली असती तर मी ती सुधारली असती. मला तेवढंच येतं.

आता ती खुर्चीत असते. हात डोक्यापर्यंत जात नाहीत. रविवारी बेकरीत गर्दी असते, आईला उसंत नसते, म्हणून त्या दिवशी केस मी विंचरते. तुझी घालायचे तशी घट्ट वेणी घालत नाही, सैल घालते. रिबिनीचा रंग तीच सांगते, दर वेळी नवा. ती मला बर्फाबद्दल काही विचारत नाही आणि मीही काही सांगत नाही. आम्ही बेकरीत येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या टोप्यांवर बोलतो.

बाकीच्या मुलींकडे मी दात दाबून बघते. भिंगरीच्या वेळी ते जमत नाही. उडीच्या आधी ती हनुवटी पुढे काढते, आणि ती हनुवटी तुझी आहे. मग मी वळते. पातं टेकल्याच्या आवाजावरून मला खांदा कळतो, म्हणून बोलू शकते. तो आवाज येईपर्यंत मात्र माझा श्वास अडकलेला असतो. रोज, दीड वर्ष. म्हणून ती गाडीत बसली तेव्हा मी हाक मारली नाही.

तू मॅडम म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून मान हलवली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

धारेचं विचारलंस. बोथट पात्यावर पाय निसटतो. ती कधी कुठे ते स्केट्स घालेल याचा नेम नाही.

यातलं काहीही भिंगरीला कळू देऊ नकोस. तिला माझी भीती वाटते तेवढी पुरे. उडीची नको.

तुझी,
ताई

बुधवार, ता. २२ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि. भिंगरीला कळू देऊ नकोस, हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस. शेवटी लिहून काय उपयोग? मोठ्या अक्षरात लिही म्हणून सांगितलं होतं, तू पुन्हा कागदावर मुंग्या सोडल्यास. हे बसवर गेलेले. मी भांडी घासत होते, म्हटलं वाच गं मोठ्याने, बघू तुझी मावशी काय सबब सांगते. बेकरीपर्यंत तिने नीट वाचलं. वेणीपाशी आवाज बसला. हनुवटीपाशी थांबली ती थांबलीच. मग ओल्या हातांनी कागद घेतला आणि अडखळत अडखळत मीच पुढे गेले. तुझ्या शेवटच्या ओळीवर पोचले तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

रडली नाही. तुझ्यावर रागही नाही. स्टूल घेऊन कपाटावरून स्केट्स काढले, पुसले आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. काल आपणहून म्हणाली की इथल्या रिंकवर जाऊ. मी गेले बरोबर. तिने सुंदर फेऱ्या घेतल्या. मला त्यातलं कळत नाही, पण आजूबाजूची पोरं बाजूला होऊन बघायला लागली. मग वेग घेतला, हनुवटी पुढे काढली, ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली, आणि उडी आलीच नाही. नुसती सरळ निघून गेली. परत आली, परत तेच. तिसऱ्या वेळी कठड्याशी येऊन म्हणाली की पाय उचलत नाही.

ताई, आधी तिला तुझी भीती होती. आता उडीची आहे. यातली कुठली बरी होती ते मला कळत नाही. तुझ्यावर ओरडायचं म्हणून बसले होते, पण ओरडू कशावर? तू लपवलंस तिच्यासाठी, मी वाचून घेतलं तिच्यासाठी, आणि पोरीची उडी गेली. तू म्हणतेस तसंच झालं, सुधारायला काही सापडत नाही. घड्या घालताना आता तिचा पाय मागे सरकतही नाही.

आता तिचं म्हणणं लिहिते, तिने सांगितलं तसं. तिला तुझ्या रिंकवर एक फेरी मारायची आहे. उडी नाही. पुढे कधी घेईल का, ते विचारलं तर स्केट्स पुसायला घेते. फक्त एक फेरी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं तोंड तिच्याकडे हवं. नंतर रविवारी तुझ्याबरोबर त्या मुलीकडे यायचं आहे, पण आधी तिला विचार. उपकार केल्यासारखं नाही विचारायचं, नीट विचार. पिवळी रिबीन झाली आहे का तेही विचार. झाली नसेल तर ती आम्ही आणू.

मी बरोबर येईन आणि तुझ्या शेजारी उभी राहीन. मान वळायला लागली तर हनुवटी धरून समोर करीन, तू माझी करायचीस तशी. मॅडम म्हणणार नाही. तुलाही माझ्यापुढे मोठी व्हायचं कारण नाही, श्वास अडकला तर माझा हात धर.

येत्या बुधवारपर्यंत, ता. २९ ला, उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. चार पानं नकोत. बघशील की नाही, एवढंच. आणि मोठ्या अक्षरात लिही. या वेळी आधी मी वाचणार आहे.

तुझी,
फटाकडी