गुरुवारची तिरंदाज

प्रिय घाईबाई,

दर गुरुवारी धापा टाकत जिना चढणारी तू, या गुरुवारी दाराला कुलूप बघून चिडशील, म्हणून आधीच लिहिते. बरी आहे मी. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे.

आपली ती दुपारची खोली फार आठवते गं. पडदा ओढलेला, पंखा कुरकुरतोय आणि तू तुझ्या खेळाडूंबद्दल बोलतेयस. त्यांची मनं तू सांभाळायचीस आणि तुझं मन मी, असा आपला धंदा. नाव घ्यायचं नाही, खेळसुद्धा बदलून सांगायचा, हा नियम माझाच. त्यामुळे तुझी माणसं माझ्याकडे चेहऱ्याविना यायची. ती तिरंदाज तर मला डुलकीतही दिसायची. मोकळं मैदान, धुकं, ताणलेलं धनुष्य आणि काही केल्या न उघडणारी बोटं. तिच्यापायी तू रडकुंडीला आली होतीस. तिला सोडून देऊ का, असं विचारलंस तेव्हा चांगलंच झापलं होतं मी तुला. तू टिकून राहिलीस आणि पोरगी बोलायला लागली. शाबास तुझी!

मागच्या गुरुवारी तू तिच्या आईचं सांगितलंस. आई कधी रागावतच नाही, नुसती मान हलवते. एकदा लेकीनं जेवणाची काचेची प्लेट भिंतीवर फेकली, तर बाई तुकडे गोळा करता करता विचारते, आता कसं वाटतंय? तू हसलीस, मीही हसले. लेक म्हणाली होती, एकदा तरी खेकसली असती, तर मी तिची पेशंट नाही, मुलगी आहे असं वाटलं असतं.

तू पुढे बोलत होतीस आणि माझ्या त्या मैदानात हळूहळू पाणी भरत गेलं. आधी गुडघ्याइतकं, मग डोक्यावरून, निळंशार. धनुष्य कुठे विरघळलं कळलंच नाही. उंच फळीच्या टोकाला एक मुलगी उभी होती, उडी न मारता. तिनं वळून पाहिलं. अगं, निळ्या काठाची होती ती प्लेट. माझ्याच स्वयंपाकघरातली. माझी लेक डायव्हिंग करते. क्लबनं कुणीतरी मानसतज्ज्ञ दिलीय, एवढंच तिनं घरी सांगितलं होतं. डोकं दुखतंय म्हणून मी तुला लवकर घालवलं, ते साफ खोटं होतं.

म्हणून हे पत्र. आजपासून तुझं काम ऐकून तुला वाट दाखवणारी सुपरव्हायझर मी नाही. माझ्या जुन्या सरांना विचारलंय, ते तुला घेतील. लेकीला हे कसं आणि कधी सांगायचं, ते त्यांच्याशी बोलून ठरव. मला मात्र यापुढे तिचं एक अक्षर कळता कामा नये. आणखी एकच गुरुवार ऐकावं, असा मोह झाला होता, देवाशप्पथ. काल तिनं ओला टॉवेल माझ्या गादीवर टाकला. खेकसायला मी तोंड उघडलं. तिला हवं होतं तेच जिभेवर आलं होतं गं. पण ते तिनं तुझ्याकडे मागितलंय, माझ्याकडे अजून नाही. मी टॉवेल उचलून वाळत घातला. ती बघत राहिली आणि मी मान हलवली.

तुझीच,
आता नुसती ताई