खुंटी, कडी आणि पाणी

नास, रविवार, १९ एप्रिल २०२६

प्रिय मेधाताई,

नोव्हेंबरपासून मी तुला धड काही लिहिलेलं नाही. तुझ्या मेसेजला अंगठा, सणाला फुलांचं चित्र, आणि व्हिडिओ कॉल आला की ‘कामात आहे’. रागावली असशील तर तो राग मला मान्य आहे. आज जयेश सानिकाला घेऊन पोहायला गेलाय, घर रिकामं आहे, म्हणून बसले. हातानेच लिहितेय. संध्याकाळी पानांचे फोटो पाठवीन.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी पुन्हा पुन्हा ऐकला. “गिरू, मला कागदाचं पुराण नको सांगूस. आत पाणी असतं की नाही, तेवढं खरं सांग. आणि तुमच्याकडे बाथरूम एकच ना? मग सकाळी पहिला नंबर माझा, आत्ताच सांगून ठेवते.” मागून भाऊजी ओरडत होते, “अगं, ही एक वेळ पासपोर्ट विसरेल, पण टमरेल नाही विसरायची!” तू हसलीस, आणि मग आवाज बदलून म्हणालीस की समुद्रकाठच्या त्या चार दिवसांचं काही खरं वाटत नाही, बुधवारपर्यंत तिकिटं रद्द करता येतात, तोवर कळव. ताई, या प्रश्नांना दुसरं कोणी हसलं तरी मी हसणार नाही. मालवणला जाताना कुठल्याशा एसटी स्टँडवर उतरलो होतो, आठवतं? दाराला कडी नव्हती. तू बाहेरून पायाने दार दाबून धरलंस, नाकाला रुमाल लावलास, आणि मी आतून दर क्षणाला “ताई, आहेस ना?” विचारत होते. रुमालातून तुझा आवाज यायचा, “आहे गं, आहे.” तू स्वतः मात्र गेली नाहीस. दिवसभर पाणी प्यायली नाहीस आणि मामाकडे पोचल्यावर तापाने फणफणलीस. प्रवासाच्या दिवशी तू अजूनही पाणी पीत नाहीस, हे भाऊजींना तरी माहीत आहे का?

आधी घरचं सांगते. इथे जेट नसतो, पण टमरेल आहे, बादली आहे, गरम पाणी आहे. आरशाखालच्या कपाटाला सानिका इथल्या मुलांसारखं ‘प्रेस’ म्हणते. त्याचा खालचा कप्पा मी तुझ्यासाठी रिकामा केलाय. तुझे स्प्रे, साबणाचे कागद, बाथरूमच्या वेगळ्या चपला, सगळं मावेल. तिथलं माझं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. जयेश शिडी धरून उभा होता. म्हणाला, “ताई असतील ते तीन आठवडे रोज वर चढणार आहेस का?” मी म्हटलं, चढेन.

बाहेरचं मात्र मला नुसतं ऐकीव सांगायचं नव्हतं. तू मला खरं विचारलंस, आणि खऱ्याच्या बाबतीत माझा स्वतःवर फारसा भरवसा उरलेला नाही. म्हणून काल आम्ही दोघं तुला जिथून नेणार आहोत त्याच रस्त्याने पश्चिमेला जाऊन आलो. हायवेवरच्या पंपांवरची टॉयलेट्स फुकट आणि बऱ्यापैकी स्वच्छ असतात. पण आत कागदच. नळ बाहेर, सगळ्यांसमोर. बाटली भरून न्यावी लागेल. एका ठिकाणी मी व्हीलचेअरवाल्यांच्या खोलीत गेले, कारण तिथे बेसिन आत असतं. बाहेर आले तर एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन उभी. माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाली, “हे अपंगांसाठी असतं हं.” मी सॉरी म्हटलं. गाडीत बसल्यावर फोनमध्ये लिहायला लागले: खुंटी आहे, बेसिन हाताच्या अंतरावर, डब्याला झाकण आहे. जयेशने डोकावून पाहिलं. “ताईंनी खुंटीचं कुठे विचारलं होतं?” मी फोन पालथा केला. त्याने गाडी सुरू केली.

समुद्रकाठच्या गावात पोचलो तेव्हा वारा इतका होता की गाडीचं दार उघडेना. सार्वजनिक टॉयलेटला कुलूप, वर पाटी: जूनपासून उघडेल. आणि नेमकं तेव्हाच मला कोटाच्या आत, डाव्या बाजूला ओल जाणवली. मी त्या दारापुढे तशीच उभी राहिले. जयेश पळत समोरच्या पबमध्ये गेला. तिथला माणूस भला होता, “ग्रँड, ग्रँड, या की,” म्हणाला. पण टॉयलेट तळघरात, जिना अरुंद, खुंटी नाही, आणि दाराची कडी मोडलेली. शेवटी जयेशच बायकांच्या टॉयलेटमध्ये येऊन पाठमोरा उभा राहिला, दार धरून. मी आत बाटलीच्या पाण्याने काय काय करत होते. कोणीतरी बाई आली. तो तिला घाबऱ्याघाबऱ्या सांगायला लागला, “सॉरी, माय वाइफ, सॉरी...” आणि दार त्याच्या हातून सुटलं. क्षणभरच. त्या बाईने काय पाहिलं, मला माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, “यू’र ग्रँड, पेट,” म्हणजे ‘काही हरकत नाही गं राणी’, आणि वर निघून गेली. मी विचारलं, “जयेश, आहेस ना?” तो इतका ओशाळला होता की त्याच्या तोंडून शब्दच फुटेना.

परतीच्या वाटेवर तुला पाठवायचं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. ताई, पाणी नाही, गावात कुलूप, पबमध्ये कडी मोडलेली. मला वाटतं, यंदा नको. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तेवढ्यावर तू तिकिटं रद्द करशील हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ते वाक्य मला आवडलं, ताई. घर येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते, जरा हुशारीही वाटत होती. मग स्वतःचीच भीती वाटली. कारखान्यात इंजेक्शनं भरतात त्या खोलीच्या स्वच्छतेची तपासणी हे माझं काम. जानेवारीपासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही, टेबलावरचं काम मागून घेतलंय. तिथेही कोणी मला नको म्हटलं नव्हतं. मीच आधी ठरवून टाकलं. तुझ्या बाबतीतही मी तेच करायला निघाले होते.

नोव्हेंबरात मी तुला ‘पित्ताशयाचं लहानसं ऑपरेशन’ म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. माझं आतडं फुटलं होतं. मी वाचले. पोटाच्या डाव्या बाजूला आता एक तोंड आहे, त्यावर पिशवी चिकटवलेली असते आणि शौच तिच्यात येतं. पुढे कधी आतडं जोडता येईल, कदाचित नाही. डॉक्टर वचन देत नाहीत. हे तुला सांगितलं नाही, कारण सुलेखाकाकूंना अशीच पिशवी होती. त्या कोथरूडला तुझ्याकडे येऊन गेल्या, तू त्यांना प्रेमाने जेवायला वाढलंस, रिक्षापर्यंत सोडायला गेलीस, आणि वर येऊन सोफ्याचं कव्हर काढून मशीनमध्ये टाकलंस. मी तिथेच बसले होते. आपण दोघी त्यावर काहीच बोललो नाही. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तुझ्या चेहऱ्यावरचा पहिला भाव मला दिसला असता, आणि तो मला पाहायचा नाही. तो तिथेच, तुझ्या स्वयंपाकघरात, होऊन जाऊ दे. मग ठरव. नाही यायचं ठरलं तर पाण्याचं कारण सांग, मी उलटून विचारणार नाही. आलीस तर सकाळचा पहिला नंबर माझा. तो मला सोडता येत नाही. आणि त्या समुद्रकाठी कडी नसलेलं दार लागलं, तर बाहेर तू उभी राहा. नाकाला रुमाल लावलास तरी चालेल. फक्त आवाज देत राहा.

तुझीच,
गिरू

रोजनिशीत दुसऱ्या दिवसाचं एक काम लिहून ठेवायची माझी सवय तुला माहीत आहे. आज ते इथेच लिहिते.
उद्या: माळ्यावरचा खोका खाली आणून माझं पिशव्यांचं सामान प्रेसच्या खालच्या कप्प्यात परत लावणे.