मधे न बोलण्याची अट

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत एकवीस वर्षं आवाज सांभाळून निवृत्त. डोकं ठिकाणावर आहे. सही स्वखुशीने करतोय, कुणाच्या धाकामुळे नव्हे. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

एक. हे पत्र वकिलांनी सर्वांसमोर अथपासून इतिपर्यंत वाचावं. मधे तोंड घालेल त्याचा हिस्सा रद्द. अट मुख्यतः माझ्या पुतण्यासाठी आहे. रोज संध्याकाळी आठ माणसं चौकटीत कोंबून तो भांडणं लावतो आणि त्याला चर्चा म्हणतो. प्रश्न विचारतो, उत्तर सुरू झालं की ‘थांबा, थांबा’. त्यापेक्षा नळावरची भांडणं बरी, तिथे निदान हंडा तरी भरतो. या दिवट्याला वाहिनीत चिकटवला मीच.

दोन. राहतं घर धाकट्या बहिणीला. टीव्ही शोधू नये, भंगारात दिलाय.

तीन. अकरा वर्षांपूर्वी पाणीखात्यातल्या इंजिनियरबाई चर्चेला आल्या होत्या. टाकी कोणी बांधली यावर दोन प्रवक्ते तासभर घसा फोडत होते. शेवटी बाई म्हणाल्या, “टाकी कुणाचीही असो, तिचं पाणी सध्या...” पुतण्याने गळ्यावरून बोट फिरवलं. आमच्याकडे त्याचा अर्थ, माइक बंद. मी त्यांच्या माइकची आवाजाची पट्टी खाली ओढली. बाईंचे ओठ हलत राहिले.

घरी माझी बायको तेच बघत होती. त्याच टाकीचं पाणी आमच्या नळाला. दीड महिन्यात काविळीने गेली. पुतण्या म्हणाला, “काका, वेळ संपली होती.” नालायका, त्यानंतर साबणाची जाहिरात लागली होती. बोट तुझं, पण हात माझा. मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

चार. स्टुडिओत पट्टी खाली असली तरी प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठवला जातो. बाईंची ती चार मिनिटं मी नंतर शोधून काढली. पुतण्याचा डोळा असलेला जमिनीचा तुकडा त्याला मिळेल, पण ती चार मिनिटं त्याने स्वतःच्या कार्यक्रमात, समोर गप्प बसून, अखंड ऐकवल्यावरच. वर्षभरात न ऐकवल्यास तुकडा सरकारी दवाखान्याला.

पाच. बायकोचा पाणी प्यायचा पेला कपाटात आहे. तो त्याला बिनशर्त.

सही : त्याचा काका
ठिकाण : स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : १४ फेब्रुवारी

साक्षीदार १ : शेजारचे शिंपी.
साक्षीदार २ : त्याच इंजिनियरबाई, आता निवृत्त. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “आता बोलू का?” मी म्हणालो, बोला. त्या बोलल्या, आणि त्यांचं संपेपर्यंत मी ऐकलं.